आंघोळीचं पाणी थांबत नाही

पुण्यात ‘गुरुवारी पाणी नाही’ अशी बातमी आली की आदल्या रात्री पिंप, कळश्या, बादल्या भरून ठेवायच्या, एवढंच. पाणीपुरवठा दुरुस्तीसाठी एक दिवस बंद ठेवता येतो. पण ‘गुरुवारी शहरात कुणीही आंघोळ करू नये, संडासात पाणी ओतू नये’ असं जाहीर प्रकटन कोणती महापालिका काढेल? म्हणून मलजल प्रक्रिया केंद्रातल्या जमिनीखालच्या जुन्या वाहिन्या बदलणं म्हणजे चालत्या जात्याचा खुंटा बदलणं.

पाणीपुरवठ्याचा हिशेब माणशी रोज 135 लिटर असा धरतात. त्यातलं साधारण 80 टक्के, म्हणजे शंभरेक लिटर, मोरीतून परत जातं. तेही दिवसभर सारखं नाही. सकाळी घरोघरी आंघोळी, भांडी, धुणं सुरू असतं. हे सगळं पाणी काही तासांनी केंद्राच्या दारात एकदम येऊन ठेपतं. मोठ्या शहरात सरासरीच्या दुप्पट प्रवाह येईल असं धरूनच वाहिनी आखतात. पहाटे मात्र ओघ अगदी रोडावतो. जुना पाइप काढून नवा बसवायचा तो त्या वेळात.

हा जुना पाइप बऱ्याचदा काँक्रीटचा. ऑस्ट्रेलियातल्या वॉल्टर ह्यूमने 1910 मध्ये साचा गरगर फिरवून काँक्रीटचे पाइप करण्याची रीत काढली. वालचंद हिराचंदांनी 1926 मध्ये इकडे त्याची कंपनी काढली, आणि तेव्हापासून आपल्याला काँक्रीटचा कुठलाही पाइप ‘ह्यूम पाइप’च. मैलापाण्यातून काढलेला जुना ह्यूम पाइप पाहण्यासारखा असतो. ज्या तळावरून आयुष्यभर घाण वाहिली तो बऱ्याचदा ठणठणीत, आणि ज्याला मैलापाणी शिवलंही नाही ते छत कुजलेलं. स्क्रू-ड्रायव्हर टोचला तर भिजलेल्या खडूसारखं पांढरं पीठ निघतं, आत गंजलेली सळई दिसते. प्रवाह मंदावला की तळाशी गाळ बसतो, बुळबुळीत थर धरतो. त्यात प्राणवायू उरत नाही, आणि तिथले जिवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडतात. तो वायू वर छताच्या ओलीला चिकटतो, तिथले दुसरे जिवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात, आणि ते आम्ल काँक्रीट खातं. आपल्या उन्हाळ्यात हा उद्योग जोरात. म्हणून प्रवाहाला सेकंदाला किमान 0.6 मीटर वेग हवा, असं अभियंते धरून चालतात. (इथून ‘माणसानेही वाहतं राहावं’ असा सुविचार सहज निघतो. तो फळ्यावर राहू दे.)

हाच वायू माणसालाही मारतो. थोडा असला तर सडक्या अंड्याचा वास येतो. फार वाढला की नाकच बधिर होतं आणि वास ‘गेला’ असं वाटतं. म्हणून नाकावर भरवसा ठेवायचा नाही, चेंबरमध्ये आधी वायू मोजणारा मीटर सोडायचा. गटारात माणूस विनासाधन उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे. तरी त्या बातम्या थांबलेल्या नाहीत.

तर मग काम चालू असताना पाणी जातं कुठे? मला विचाराल तर अशा कामाची परीक्षा या एका प्रश्नात आहे. रीतसर करायचं तर वरच्या चेंबरमध्ये वाहिनीचं तोंड रबरी फुग्याने बंद करतात, डिझेल पंप लावतात, जमिनीवरून तात्पुरती काळी प्लॅस्टिकची लाइन टाकून पाणी पुढच्या टाकीत पोचवतात. पंप एक चालतो, एक राखीव. रात्रभर कुणीतरी पातळीवर डोळा ठेवून बसतं. सांधा पहाटेपर्यंत झाला नाही तर सकाळचा सगळा लोंढा त्या पंपांवर येतो. स्वस्तात करायचं तर काम संपेपर्यंत मैलापाणी सरळ नाल्यात सोडायचं. नाला आधीच काळा असतो, त्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही. खाली नदीकाठच्या गावाच्या मात्र येतं.

मुंबईत वरळी, वांद्रे, धारावी, मालाड, वर्सोवा, घाटकोपर आणि भांडुप अशा सात ठिकाणी मिळून रोज 2,464 दशलक्ष लिटर क्षमतेची नवी केंद्रं उभारायचं काम हाती घेतलं आहे. तीही बहुतेक रिकाम्या माळावर नाहीत. बहुतेक ठिकाणी जुन्या केंद्राचं काम चालू ठेवून त्याच आवारात नवं उभं करायचं. नव्या टाक्यांचे फोटो छापून येतील. जुन्या वाहिनीतून नव्या वाहिनीत पाणी वळवलं ती रात्र कुणी छापणार नाही, आणि अभियंत्याची झोप उडते ती तर त्याच रात्री.

तुमच्या गावात असं काम निघालं तर निविदेत पाइपचा दर मागाहून पाहा. आधी बायपास पंपांचं भाडं किती दिवसांचं धरलंय ते शोधा. तो रकानाच नसेल तर नाल्यावर एक चक्कर मारून या.