दुधाचें मोल व गाईचें आरोग्य

आपल्या दावणीला बांधलेल्या मुक्या जनावरापासून किती घ्यावें, आणि घेतल्यावर आपण त्याचें काय देणें लागतों, हा प्रश्न ज्यांचा संसार गुराढोरांवर चालतो त्यांनीं आपल्या मनास विचारण्याजोगा आहे. “चरवी भरून दूध देते ती गाय निरोगीच असावयाची,” असें पुष्कळांस वाटतें. हा समज कितपत खरा आहे, तें पाहूं.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९४४ सालीं एक गाय वर्षाकाठीं सरासरी सुमारें २,१०० किलो दूध देत असे. आज ती सरासरी १०,००० किलोंवर गेली आहे. निवडक वळू, कृत्रिम रेतन व सकस खुराक यांच्या योगानें हें घडून आलें. परंतु अशी गाय व्याली म्हणजे दूध झपाट्यानें वाढतें व भूक मात्र मागें राहते. मधली तूट ती आपल्या अंगावरची चरबी झिजवून भरून काढते. ही चरबी प्रमाणाबाहेर सुटली कीं यकृतांत सांचते, रक्तांत कीटोन नांवाचीं द्रव्यें वाढतात, आणि गाय वैरण टाकते. चिकाबरोबर कॅल्शियम एकाएकीं निघून गेल्यास दुग्धज्वर जडतो. नांव ज्वराचें, पण अंग गार पडतें व बसलेली गाय उठत नाहीं. रोगजंतूंशीं झुंजणाऱ्या रक्तांतील पांढऱ्या पेशीही ह्याच दिवसांत दुबळ्या होतात. त्यांस लागणारी साखर व कॅल्शियम कासेकडे ओढलें जातें, हें त्याचें एक कारण. मग वार अडकते, गर्भाशय पुवाळतें, कासेस दगडी होते.

कोणी म्हणेल, “तर मग अधिक दुधाची गाय पाळणें हेंच पाप कीं काय?” तसें म्हणतां येत नाहीं. १९६७ सालीं मणिभाई देसाई यांनीं उरुळीकांचन येथें स्थापिलेल्या संस्थेनें संकरित गाई खेडोपाडीं नेल्या, आणि आज महाराष्ट्रांत कित्येक घरांची चूल अशा गाईंच्या दुधावर पेटते.

तथापि एक गोष्ट ध्यानांत धरावी. थकलेला बैल जुवाखालीं बसतो, तेव्हां त्याचें म्हणणें धन्यास कळतें. व्यालेल्या गाईचें तसें नाहीं. पोटास पुरेसें नसलें तरी तिची कास भरतच राहते. म्हणून भरलेली चरवी ही तिच्या सुखाची साक्ष मानतां येत नाहीं. अधिक दुधाची जात मनुष्यानें निवडिली. त्या निवडीचें ओझें एकट्या गाईनें वाहावें, हें न्यायाचें नव्हे. नॉर्वे देशांत १९७० ते १९८० ह्या दशकांतच वळू निवडतांना दुधाबरोबर रोगास तोंड देण्याची शक्तिही मोजूं लागले. मनांत आणिल्यास असें करतां येतें.

म्हणून बंधूंनो, विण्यापूर्वीं सुमारें दोन महिने गाय आटवावी, तिला फार लठ्ठ होऊं देऊं नये, खुराक हळूहळू वाढवावा. विण्याच्या आधींचे तीन व नंतरचे तीन आठवडे ती काय खाते व काय टाकते ह्यावर रोज नजर ठेवावी, आणि ती बसली तर पशुवैद्यास बोलावण्यास दुसऱ्या दिवसाची वाट पाहूं नये. इतकें करण्याची ऐपत नसेल, तर थोड्या दुधाची, आपल्या वैरणींत निभणारी गाय पाळणें हेंच प्रामाणिकपणाचें होय.