पहारा कोणाचा?

चोवीस तासांच्या अखंड भजनाला आम्ही गोमंतकीय ‘सप्ताह’ म्हणतो, याचे बाहेरून आलेल्या पाहुण्यास नवल वाटते. सात दिवसांचे नाव एका अहोरात्रीस कसे, असे तो विचारतो, आणि आपण हसून विषय बदलतो. वास्कोच्या श्रीदामोदराच्या सप्ताहामुळे हे नाव घरोघरी रूढ झाले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेगच्या साथीने गाव हवालदिल झाले असता जांबावलीच्या दामोदराला साकडे घातले गेले, तेथील श्रीफळ आणून त्यापुढे अखंड नामगजर झाला आणि साथ ओसरली, अशी परंपरा आहे. तेव्हापासून नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी श्रीफळ ठेवले जाते, भजनी पथके पाळीपाळीने उभी राहतात, निरनिराळ्या व्यवसायांतील मंडळी रात्री वाजतगाजत आपापले ‘पार’ आणतात, आणि दुसऱ्या दिवशी गोपाळकाल्याने सांगता होते. मूळ प्रसंग संकटाचा होता. आज त्याला कोणी उत्सव म्हणेल, कोणी करमणूक म्हणेल. दोन्ही शब्द खोटे नाहीत.

याच धर्तीवर आमच्या उपनगरातील लहानशा देवळातही सप्ताह होतो. येथील वस्ती बंदरात, कचेऱ्यांत आणि दुकानांत राबणाऱ्यांची. पहाऱ्यांची यादी आषाढातच तयार होते. मागे एका वर्षी यादी करण्यासाठी बसलो असता रात्री दोन ते चार या पहाऱ्याला नावच मिळेना. जुने गाणारे थकले, काही निवर्तले, तरुणांना सकाळी कामावर जावयाचे. तेव्हा एका सदस्याने सुचविले की वर्गणी शिल्लक आहे, तर परगावचे एक तयार पथक बिदागी देऊन आणावे. “ते आपल्यापेक्षा शतपटीने चांगले गातील. आणि त्या वेळी ऐकावयास तरी कोण असते?”

मला राग आला. पण राग म्हणजे विचार नव्हे, हे घरी येताना ध्यानात आले. त्या गृहस्थांचे म्हणणे वावगे कोठे होते? देवापुढे उत्तम तेच ठेवावे, असे आपण फुलांच्या आणि नैवेद्याच्या बाबतीत मानतोच. आमचा पखवाज दर तिसऱ्या अभंगाला समेवरून घसरतो. गाणाऱ्याला मोल द्यावे हेही न्याय्यच. कलावंताने पोट कशावर भरावे? मग पैसे देऊन पहारा भरण्यात नेमके काय चुकते, हे मला सांगता येईना, आणि ते सांगता येत नाही याचीच बोच अधिक होती.

विचार करताना मला धालो आठवले. पौष महिन्यात वाड्यावरच्या बायका रात्री मांडावर जमतात, समोरासमोर दोन रांगा धरतात, आणि एका रांगेने म्हटलेली ओळ दुसरी रांग झेलते. पुरुषांनी तेथे जावयाचे नसते. म्हणजे प्रेक्षक असा कोणी नाहीच. जी आली ती रांगेत उभी राहिली. हेच धालो मी रंगमंचावर पाहिले तेव्हा त्या दोन रांगा तिरप्या झालेल्या होत्या, कारण समोरासमोर उभे राहावे तर एका रांगेची पाठ प्रेक्षकांकडे होते. गीते तीच होती, पावलेही तीच, कदाचित अधिक नेटकी. पण बायका आता एकमेकींकडे पाहत नव्हत्या. त्या प्रयोगाची निंदा मला करावयाची नाही. पुष्कळांना धालो ठाऊक झाले ते त्यामुळेच. मला इतकेच दिसले की काही गोष्टी करणाऱ्यांच्या असतात, पाहणाऱ्यांच्या नसतात, आणि रात्री दोनचे भजन हे बहुधा त्यांतले. त्या वेळी ऐकावयास कोणी नसते हे खरे. पण गाणाऱ्यांस तर आपण गातो आहोत हे ठाऊक असते.

येथवर आलो आणि मनाशी म्हटले, आपली परंपरा स्वतः करण्याची आहे, विकत घेण्याची नव्हे. हे वाक्य लिहून मी फार समाधानाने पाहिले, आणि मग खोडले. कारण ते खरे नाही. आमच्या देवळांतले गाणे पिढ्यान् पिढ्या कोणी गायिले? कलावंतांच्या घरातील स्त्रियांनी. पालखीपुढे त्या गात, मखरापुढे त्या गात, आणि महाजन मंडळी लोडाला टेकून ऐकत. त्यांच्या विद्येवर आमच्या उत्सवांची शोभा उभी होती आणि त्यांच्या मुलांना मात्र पंक्तीत मानाची जागा नव्हती. राजाराम पैंगीणकरांचे ‘मी कोण?’ हे आत्मचरित्र ज्याने वाचले आहे, त्याला याहून अधिक सांगावयास नको. केरीच्या केसरबाई केरकर (जन्म १८९२) आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर (जन्म १९०४) यांचे गाणे गाजले ते गोव्याबाहेर, मुंबईत. केसरबाईंचा भैरवीतला स्वर तर १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील तबकडीतून पृथ्वीबाहेर गेला. आज त्यांची नावे आपण अभिमानाने घेतो. त्या अभिमानात थोडी लाजही मिसळलेली असावयास हवी.

तेव्हा मोल देऊन गाणे घेणे हे नवे पाप नव्हे; ते आमचे जुनेच आहे. फरक काढावयाचा तर तो आमच्या बाजूने निघत नाही. जुन्या महाजनांनी गाणाऱ्याला मान दिला नाही, पण गाणे तरी ऐकले; चांगल्यावाईटाची पारख त्यांना होती. आम्ही मात्र पथक ठरवून, बिदागी पोचती करून, घरी निजणार होतो! एखाद्या थोर गवयास बोलावून त्याच्यापुढे रात्रभर मांडी घालून बसणे यात कमीपणा काहीच नाही. ऐकणे हीदेखील एक कृती आहे, आणि ती ज्याची त्यालाच करावी लागते. पण आपल्या जागी दुसऱ्यास उभे करून आपण निघून जाणे याला काय म्हणावे? उपवास दुसऱ्याकडून करवून घेतल्यासारखेच ते आहे. देवाला कदाचित चालेल. मला त्यातून काही मिळणार नाही, एवढे निश्चित.

हे मी दुसऱ्या बैठकीत बोललो. त्यावर एका बंदरातल्या कामगाराने शांतपणे विचारले, “भाऊ, तुम्ही निवृत्त. आमची रात्रपाळी असते. आमच्या पहाऱ्याचे काय?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते आणि आजही नाही. जो रात्रभर बंदरावर जागतो, किंवा जी परिचारिका रुग्णांच्या उशाशी बसते, त्यांना भजनाला आला नाहीत म्हणून बोल लावण्याचा अधिकार कोणाला पोचतो? ज्याला फावला वेळ आहे त्याने फावल्या वेळाचा धर्म सांगणे फार सोपे असते.

पण त्या प्रश्नाने यादी पुन्हा तपासावी लागली, आणि तेव्हा एक गोष्ट उघडकीस आली. यादीत नावे नव्हती ती गाणारे नव्हते म्हणून नव्हे. आमच्या मागच्या चाळीत कर्नाटकातून आलेली पाच-सात कुटुंबे वीस वर्षे राहतात. त्यांच्याकडे एकादशीला पुरंदरदासांची पदे होतात. भिंतीपलीकडून आम्ही ती ऐकत आलो होतो. ती पदे ‘पुरंदर विठ्ठल’ या मुद्रेने संपतात, म्हणजे देवही आमचाच. त्यांना कधी कोणी विचारले नव्हते. आमच्या स्वतःच्या घरांतील स्त्रियांनाही नव्हते. दुपारचे भजन त्यांचे, रात्रीचे पुरुषांचे, असे कोणी कधी ठरविले हेही कोणाला आठवेना. आपली माणसे उरली नाहीत म्हणून आम्ही हळहळत होतो, आणि ‘आपली’ कोण हे ठरविणारी यादीही आम्हीच केलेली होती.

याला सगळ्यांनी मान डोलावली असे समजू नये. एका वृद्ध सभासदांनी त्यानंतर बैठकीस येणेच सोडले. त्यांची भक्ती माझ्याहून निःसंशय अधिक आहे, आणि ते येत नाहीत याचे मला वाईट वाटते. परगावचे पथकही आम्ही बोलावले. पण संध्याकाळी, सर्वांना बसून ऐकता येईल अशा वेळी, आणि त्यांच्या पंक्तीला आम्हीही बसलो.

दोन ते चारच्या पहाऱ्याला त्या वर्षी नऊजण होते. चार स्त्रिया, तीन कानडी शेजारी, मी, आणि दहावीतला एक मुलगा, ज्याचे टाळ पूर्णपणे स्वतंत्र चालतात. भाषेच्या अडचणीमुळे एक पद त्यांचे, एक अभंग आमचा, असे करावे लागले. पखवाज नेहमीप्रमाणे घसरला. यंदाही तोच पहारा आमच्याकडे आहे. शाई उडाली आहे, ती श्रावणापूर्वी भरून घेतली पाहिजे.