जमिनीचा धनी कोण?

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातली चेस काउंटी म्हणजे गवताळ टेकड्यांचा मुलूख. २०२० च्या जनगणनेत तिथे २,५७२ माणसं राहत होती. कॉटनवूड फॉल्स या मुख्य गावातलं चुनखडीचं न्यायालय पाहायला लोक दुरून येतात. ते १८७३ मध्ये पूर्ण झालं आणि आजही वापरात आहे.

त्याच वर्षी, शेजारच्या कौन्सिल ग्रोव्हजवळच्या राखीव प्रदेशातून कॉ या मूळनिवासी लोकांना आजच्या ओक्लाहोमात पाठवण्यात आलं. ज्यांच्यावरून कॅन्ससला नाव मिळालं, त्यांनाच कॅन्सस सोडावं लागलं.

मग जमीन कोणाची?

तत्त्वज्ञ जॉन लॉकने सतराव्या शतकाच्या अखेरीस याचं उत्तर मांडलं होतं: माणूस जमिनीत आपले श्रम मिसळतो, म्हणून ती त्याची होते. १८६२ च्या होमस्टेड कायद्यामागेही हाच विचार दिसतो. १६० एकर घ्या, पाच वर्षं राहा, कसा, आणि मालक व्हा. उत्तर न्याय्य वाटतं. पण त्यात श्रम म्हणजे मुख्यतः नांगर.

चेस काउंटीच्या फ्लिंट हिल्समध्ये हे उत्तर अडखळतं. टेकड्यांवर मातीचा थर पातळ, खाली चुनखडी आणि चकमकीचे दगड. नदीकाठची सपाट जमीन शेतीखाली आली, पण टेकड्यांवर नांगर चालला नाही. उत्तर अमेरिकेत एके काळी सुमारे १७ कोटी एकरांवर उंच गवताची प्रेअरी होती. आज तिच्यातली चार टक्क्यांहूनही कमी उरली आहे आणि त्यातला मोठा भाग याच टेकड्यांवर आहे. लॉकच्या मापाने जी जमीन अपुरी कसलेली ठरते, तिथेच गवत वाचलं.

मात्र ते माणसाच्या हाताविना वाचलेलं नाही. आग लागली नाही तर या गवतात झुडपं आणि सीडरची झाडं शिरतात. कॉ आणि ओसेज लोक गवत पेटवत; आजही दर वसंतात रँचवाले कुरणं जाळतात आणि नव्या फुटीवर गुरं सोडतात. हेही श्रमच आहेत, फक्त नांगरासारखे त्यांचे तास जमिनीत उमटत नाहीत. कॉ लोकांचा हक्क मोजताना हे श्रम हिशेबात धरलेच गेले नाहीत, आणि लॉकच्या विचाराचा खरा दोष इथे दिसतो.

१९९६ मध्ये इथे टॉलग्रास प्रेअरी राष्ट्रीय अभयारण्य झालं. क्षेत्र सुमारे ११ हजार एकर. स्थानिकांना सरकारी मालकी नको होती, म्हणून कायद्याने केंद्र सरकारला १८० एकरांपर्यंतच मुभा दिली. आता बहुतेक जमीन नेचर कन्झर्व्हन्सी या संस्थेची आहे आणि राष्ट्रीय उद्यान सेवा तिच्यासोबत कारभार पाहते. १८८१ चं दगडी रँचघर आणि २००९ मध्ये परत आणलेले बायसन पाहायला पर्यटक येतात. मालकी आणि राखण यांची ही फारकत कागदावरची तडजोड असली तरी महत्त्वाची आहे: विकण्याचा अधिकार एकाचा आणि सांभाळण्याचं काम अनेकांचं, असं घडू शकतं हे तिने दाखवलं.

कॉ लोकांची गोष्ट मात्र यापुढे जाते. त्यांचा एक पवित्र, तांबडा प्रार्थनाशिळाखंड १९२९ मध्ये लॉरेन्स शहरात नेऊन गोऱ्या वसाहतकारांचं स्मारक बनवला होता. कॉ राष्ट्राच्या मागणीनंतर २०२३ मध्ये तो तिथून हलवला गेला आणि पुढच्या वर्षी कौन्सिल ग्रोव्हजवळच्या उद्यानात आला. ही जमीन कॉ राष्ट्राने स्वतः विकत घेतलेली आहे. शिळेचं पावित्र्य कोणत्याही खरेदीखतातून आलेलं नव्हतं; तरी तिला घरी ठेवायला त्यांना खरेदीखत लागलंच.