एका वेताची चार पिल्लं

मांजर व्याली की पिल्लांना तोंडात धरून सात घरं फिरवते, असं म्हणतात. महाड तालुक्यातल्या बिरवाडीत तिला जागांची वाण नाही. पडवीत रचलेली लाकडं, माळ्यावरचा पेंढा, औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर एखाद्या बंद टपरीमागे पडलेली पोती. दोन-तीन मुक्काम होईतो पिल्लांचे डोळे उघडतात आणि बघणाऱ्यांची तोंडंही. आई तीनरंगी. पोटाशी मात्र एक काळाकुळकुळीत बोका, एक तांबडा पट्टेवाला, एक आईसारखीच कबरी आणि एक धुरकट करडं. मग सुरू होतं, हे कोणावर गेलं?

जगाचं मूळ कारण काय, हा प्रश्न घेऊन श्वेताश्वतर उपनिषद सुरू होतं आणि पहिल्याच अध्यायात उमेदवारांची यादी देतं: काळ, स्वभाव, नियती, यदृच्छा, भूतं, पुरुष. त्यावर शतकानुशतकं खंडनमंडन झालं. गेल्या साठ-सत्तर वर्षांत जनुकशास्त्राने मांजराच्या अंगावर जे वाचलं, ते या यादीशेजारी ठेवून पाहावं. एका वेतात यादीतले बरेचसे उमेदवार हजर सापडतात.

करड्यापासून सुरुवात करू. आजूबाजूला एकही करडा बोका नसताना करडं पिल्लू आलं कुठून? काळा रंग फिका करणारं जनुक आई आणि बाप दोघांकडून मिळालं, तरच पिल्लू करडं होतं. एकाच बाजूने मिळालं तर ते दबून राहतं, पिढ्यान्‌पिढ्या, कुणाला पत्ता न लागता. तसं दबलेलं जनुक असलेली दोन मांजरं एकत्र आली की प्रत्येक पिल्लामागे चारात एक शक्यता. कार्य हे कारणात आधीपासून असतंच, फक्त प्रकट व्हायचं बाकी असतं, असं सांख्य म्हणतात. त्यांच्या सत्कार्यवादाला याहून चांगला साक्षीदार मिळायचा नाही. शिवाय मांजरीच्या एका वेतात एकाहून जास्त बोक्यांची पिल्लं असू शकतात. तेव्हा ‘बापावर गेलं’ म्हणणाऱ्याने आधी बाप कोणता ते सांगावं.

तांबडा बोका नियतीच्या बाजूचा. तांबड्या रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि नराला एक्स मिळतं ते फक्त आईकडून. म्हणून काळ्या भाटीच्या पोटी तांबडा बोका येत नाही, बाप कितीही तांबडा असो. हा नियम वेत मोजून कुणालाही पडताळता येतो. हे जनुक नेमकं कोणतं, याचा शोध मात्र २०२५ साली प्रसिद्ध झाला. जपानमधल्या क्युशू विद्यापीठाच्या आणि अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की तांबड्या मांजरांत त्या गुणसूत्रावरची सुमारे ५,१०० अक्षरं गाळली गेलेली आहेत. एवढ्याशा गाळलेल्या जागेतून तो रंग उगवतो.

त्याच बोक्याच्या कपाळावर, दोन डोळ्यांच्या वर, इंग्रजी एमसारखी खूण असते. पट्टेवाल्या मांजरांची ही ठरलेली निशाणी. आपल्याकडे बाळाच्या पाचवीला किंवा सहावीला पाट्यावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. सटवाई रात्री येऊन कपाळावर नशीब लिहून जाते, अशी श्रद्धा. बंगालात हीच देवी षष्ठी म्हणून पुजतात आणि तिचं वाहन मांजर. पण वाहनाच्या कपाळावरचं लिखाण सहाव्या रात्रीची वाट पाहत नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार पट्ट्यांचा आराखडा गर्भाच्या कातडीत केस उगवण्याच्याही आधी आखला जातो.

आता कबरी. नियतीची सत्ता इथे संपते.

मादीत दोन एक्स गुणसूत्रं असतात. एकावर तांबडं, दुसऱ्यावर काळं असेल तर काय व्हावं? गर्भ अगदी लहान असतानाच प्रत्येक पेशी दोनांपैकी एक गुणसूत्र मिटवून ठेवते. कोणतं, याचा नियम नाही. पुढे त्या पेशीची सगळी संतती तीच निवड चालवते, म्हणून अंगावर तांबडी आणि काळी ठिगळं पडतात. मेरी लायन या ब्रिटिश शास्त्रज्ञ बाईंनी १९६१ साली ही कल्पना मांडली. पांढऱ्याची गोष्ट वेगळी. रंग तयार करणाऱ्या पेशी गर्भाच्या पाठीकडून निघून पोटाकडे आणि पायांकडे पसरतात. जिथवर त्या पोचत नाहीत तिथे पांढरं राहतं. हनुवटी, छाती आणि पंजे बहुधा पांढरे का, ते यावरून कळतं.

२२ डिसेंबर २००१ रोजी टेक्सासमधल्या एका विद्यापीठात जगातलं पहिलं क्लोन केलेलं मांजर जन्मलं. मूळ मांजर रेनबो तीनरंगी. तिच्याच पेशीपासून झालेली सीसी मात्र पट्टेरी आणि पांढरी निघाली, तांबड्याचा ठिपकाही नाही. जिच्यापासून ती घडली त्या पेशीत तांबड्याचं गुणसूत्र मिटलेलं होतं, ते मिटलेलंच राहिलं. बीज तेच, अंग वेगळं. उपनिषदाच्या यादीतली यदृच्छा इथे प्रयोगशाळेच्या टेबलावर येऊन बसली.

कर्मवादी हे ऐकून गडबडणार नाही. तो म्हणेल, बीज एकच असून फळ वेगळं आलं ना? मग फरक जीवाच्या संचिताचा. ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात शंकराचार्यांनी हाच मार्ग धरला आहे. जगात एक सुखी, एक दुःखी, मग ईश्वर पक्षपाती म्हणायचा का? त्यांचं उत्तर असं की ईश्वर पावसासारखा. पाऊस सगळ्यांवर सारखाच पडतो, भात आणि जव वेगळे उगवतात ते आपापल्या बीजामुळे. बिरवाडीवरून पुढे जाणाऱ्या रस्त्याने शिवथरघळ लागते. समर्थ रामदासांनी तिथे दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी लिहून घेतला, अशी परंपरा आहे. त्या ग्रंथातही चार खाणी आणि चौऱ्यांशी लक्ष योनींचा विस्तार येतो. संचित आहे की नाही, हे मांजराचे केस तपासून ठरणार नाही. कर्मवाद इथे अडतो तो दुसऱ्या जागी. प्रत्येक पेशीतल्या निवडीमागे संचित आहे असं म्हटलं, तर ते संचित आणि निव्वळ योगायोग यांत फरक कसा ओळखायचा, याचं साधन उरत नाही.

साधन नसतानाही माणसं उलटा हिशेब मांडतात. अंगावरची खूण पाहून लायकी ठरवतात. काळं मांजर आडवं गेलं की आपला माणूस चार पावलं मागे येतो. १२३३ साली पोप नववे ग्रेगरी यांनी काढलेल्या आज्ञापत्रात पाखंड्यांच्या विधीत काळं मांजर आलं. जपानात तीनरंगी मांजर शुभ. वाकायामा प्रांतातल्या किशी रेल्वे स्थानकावर २००७ साली तामा नावाच्या तीनरंगी मांजरीला स्टेशनमास्तर नेमलं होतं. २०१५ साली ती मेली तेव्हा शिंतो पद्धतीने अंत्यविधी करून तिला देवीपद दिलं. तिच्या अंगावरची ठिगळं ज्या सोडतीतून आली, त्याच सोडतीतून बिरवाडीच्या पोत्यावरची कबरी आलेली असते.

मांजरांच्या बाबतीत हा हिशेब विनोदावर जातो. माणसांच्या बाबतीत तो गेला नाही, आणि याची साक्ष बिरवाडीच्या तालुक्याच्या गावीच आहे. महाडच्या चवदार तळ्यावर गुरंढोरं, कुत्री-मांजरं पाणी प्यायची, काळी असोत की पांढरी. अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना मात्र मज्जाव होता. नगरपालिकेने १९२४ साली तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव करूनही तो कागदावरच राहिला होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह तिथे पाणी प्राशन केलं आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृती जाळण्यात आली. जन्म हा मागच्या कर्माचा दाखला आहे, म्हणून जन्मावरून अधिकार ठरावेत, ही साखळीच तिथे नाकारली गेली. तळ्याच्या पाण्याचा खटला पुढे दहा वर्षं चालला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

मांजरांतलं आणखी एक उदाहरण या साखळीला जड जातं. कधी कधी पिल्लू जन्मतं ते राख फासल्यासारखं: केसांची टोकं रुपेरी, मुळाशी काळं, फुंकर मारली की दोन्ही रंग दिसतात. असं पिल्लू पाहून कुणाला महादेवाची आठवण झाली तर नवल नाही. गाभण असताना मांजरीला ताप आला किंवा तिचे फार हाल झाले, तर पिल्लाच्या केसांत रंग नीट उतरत नाही, त्याचा हा परिणाम. तिथे पिल्लाच्या जनुकांचा दोष नसतो. खूण पिल्लाच्या अंगावर, ताप आईचा. पुढच्या काही महिन्यांत जुने केस गळून नवे येतात आणि आषाढात झालेलं भस्मधारी पिल्लू थंडी संपेतो साधं काळं मांजर झालेलं असतं. तोवर ज्या घराने ते कौतुकाने आणलं, त्या घरातली माणसं ते आडवं गेल्यावर आता थांबतील की तसंच पुढे जातील?