परत यायचं ते कशासाठी?

जीव पुन्हा जन्माला का येतो, याचं आईचं उत्तर सरळ आहे: काहीतरी करायचं राहिलेलं असतं म्हणून. देहू आमच्या संत तुकाराम नगरपासून फार लांब नाही. तिथल्या कीर्तनांतून तिने ते उचललं. मी कंपायलरवर काम करते. मला हे उत्तर पटलं ते स्कीम या भाषेमुळे.

स्कीम 1975 साली गाय स्टील आणि जेराल्ड सस्मन यांनी एमआयटीत तयार केली. एका फंक्शनने दुसऱ्याला काम सांगितलं की परतीचा पत्ता आणि पुढे लागणाऱ्या वस्तू स्टॅकवर राखून ठेवाव्या लागतात. पाचाचा फॅक्टोरियल काढताना आधी चाराचा मागवला, तर उत्तर आल्यावर त्याला पाचाने गुणायला परत यावंच लागतं. पण पाच आधीच गुणून ते उत्तर पुढच्याच्या हाती दिलं, तर परतायचं कारणच उरत नाही. अशा टेल कॉलसाठी स्टॅक वाढवायचा नाही, ही स्कीममध्ये सक्ती आहे. काम थांबत नाही, कोटी फेऱ्या झाल्या तरी चालतं. फक्त मागून येऊन आपली भर घालायची राहत नाही. निष्काम कर्मावरची बरीच प्रवचनं मी ऐकली आहेत, पण काम सोडणं आणि परतीचा हक्क सोडणं यांतला फरक इतका स्वच्छ मला कुठे दिसला नाही.

स्टॅकवर जे राहतं त्याच्या आधारावर इतर वस्तू जगतात. नको असलेली मेमरी मोकळी करणारा गार्बेज कलेक्टर रजिस्टर, स्टॅक आणि जागतिक नावं या मुळांपासून निघतो, दुवे धरत जातो, आणि जिथे पोचत नाही ते सारं मेलेलं समजतो. दोन वस्तूंनी एकमेकींना कितीही घट्ट धरलं तरी बाहेरून वाट नसेल तर दोघी जातात. हे ऐकून एक स्नेही म्हणाले, ‘म्हणजे ते मूळ हाच आत्मा!’ मला नाही तसं वाटत. ते मूळ म्हणजे अर्धवट कामाचा हातातला पसारा, बस.

शिवाय पोचता येतं म्हणून वस्तू लागतेच असं नाही. पवईच्या आयआयटीतले अमिताभ सन्याल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली याच फटीवर शोधनिबंध लिहिला: प्रोग्रॅम आधीच वाचून पुढे कशाला खरोखर हात लागेल ते ठरवायचं आणि बाकीचं, वाट असली तरी, मोकळं करायचं. तरी पुढचं सगळं अचूक कळणं कुठल्याच कंपायलरला शक्य नाही. म्हणून शंका आली की ठेवायचं. यंत्राचं हे बरोबरच आहे. लागणारी वस्तू फेकली तर उत्तरच चुकेल. आपण मात्र त्याच सबबीवर काय काय धरून बसतो!

अण्णांची उधारीची वही आमच्याकडे अशीच आहे. कारखान्यातल्या सोबत्यांना दिलेले पैसे, पुढे सह्या. दादा म्हणतो, ‘असू दे, आकडे खरे आहेत.’ खरे आहेतच.

तुकोबांच्या घरी महाजनकी होती. दुष्काळात घर उद्ध्वस्त झाल्यावर त्यांनी कर्जखतांच्या दोन वाटण्या केल्या आणि आपली इंद्रायणीत बुडवली, अशी कथा महिपतींनी सांगितली आहे. ती वैराग्याची म्हणून सांगतात. मला त्यात दोन गोष्टी अधिक मोलाच्या वाटतात. एक, हे पैसे पुढे लागणार नाहीत याच्या पुराव्यासाठी तुकोबा थांबले नाहीत. यंत्राला ते कधीच जमणार नाही. दुसरी, धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या वाटणीला त्यांनी हात लावला नाही. दुसऱ्या कुणाची वाट ज्या वस्तूपर्यंत जाते ती आपण सोडली म्हणून मरत नाही, हा नियम कलेक्टरही पाळतो. आपल्या वैराग्याचं बिल घरच्यांच्या नावावर फाडणाऱ्या साधकांनी कथेचा हा भाग पुन्हा वाचावा.

वहीतली नावं मी आणि दादाने निम्मी निम्मी वाटून घेतली आहेत. माझ्या वाटणीच्या माणसांकडे मी काही मागणार नाही. दादाने काय करायचं ते त्याचं त्याने ठरवावं.