चांदी तेवढी धरू

नातीचं बारसं तोंडावर आलं. तिला चांदीची वाटी आणि चमचा द्यायचं ठरलं आणि आमच्या हिने कपाटातला तो डबा बाहेर काढला. मध्यमवर्गीय घरात असा एक डबा असतोच. दांडी मोडलेलं निरांजन, जोडीदार हरवलेलं पैंजण, लक्ष्मी झिजून नुसतं कमळ उरलेलं दिवाळीचं नाणं आणि 'कधीतरी उपयोगी पडेल' हा विश्वास, असं सगळं त्यात गुण्यागोविंदाने नांदत असतं. ते सगळं मोडीत घालायचं ठरलं. तरी वजन कमी भरेल म्हणून हिने वर आणखी एक नाणं टाकलं.

"अहो, हे दाढीवाले बाबाही घेऊन जा. नाहीतरी नुसते पडून आहेत."

दाढीवाले बाबा म्हणजे कॉन्स्टंटिन ब्रांकुशी, रोमानियाचा राष्ट्रीय शिल्पकार. आमचा पुतण्या नोकरीनिमित्त बुखारेस्टला असतो. तिथल्या राष्ट्रीय बँकेने काढलेलं हे चांदीचं नाणं त्याने मोठ्या हौसेने आणलं होतं. पहिले आठ दिवस ते आमच्या देवघरात होतं आणि त्याला रोज हळद-कुंकूही मिळत होतं. मी काही बोललो नाही. तिबेटी योगी मिलारेपाच्या चरित्राची ज्याला ओढ होती, त्याला आमचं देवघर फारसं परकं वाटलं नसतं.

सराफांनी नाणं डबीतून काढलं, काट्यावर ठेवलं, उलटंसुलटं केलं. "एकतीस ग्रॅम आणि वर थोडं. माल शुद्ध आहे. पण साहेब, चित्राचे वेगळे पैसे नाहीत हं. चांदी तेवढी धरू."

"अहो, पण याच्यावर किंमत छापलीय!"

"मग तिकडे बाजारात चालतं?"

आता काय सांगणार? कायद्याने चालतं, पण ते देऊन तिथे कोणी पाव आणत नाही. छापलेल्या रकमेपेक्षा आतली चांदीच महाग. म्हणजे खर्च करता येतं, पण खर्च करणारा वेडा ठरतो, असं हे नाणं. खरं चलन व्हायचा मानही ब्रांकुशीला एकदा मिळाला होता. 1991 साली रोमानियाने पाचशे लेईच्या नोटेवर त्याचा चेहरा छापला. मग महागाईने लेईची अशी दैना केली की 2005 मध्ये दहा हजार जुन्या लेईंचा एक नवा लेऊ करावा लागला. त्या हिशेबाने ती नोट पाच बानींची, म्हणजे आपल्या पाच पैशांसारखी. तेव्हा सन्मान करायचाच तर चांदीत केलेला बरा, असं तिथल्या बँकेलाही वाटलं असेल.

सराफांवर रागवायला मला तोंड नव्हतं. हाच प्रश्न अमेरिकेच्या सरकारने खुद्द ब्रांकुशीला विचारला होता. 1926 साली त्याचा 'अवकाशातला पक्षी' न्यूयॉर्कच्या बंदरात उतरला. कस्टमच्या साहेबांनी पाहिलं: पंख नाहीत, चोच नाही, पाय नाहीत, नुसती चकचकीत, उंच, निमुळती वस्तू. कलाकृतीला जकात माफ होती. पण हिला कलाकृती कोण म्हणेल? त्यांनी तिला धातूच्या साध्या मालात, स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या रांगेत बसवलं आणि चाळीस टक्के जकात लावली. 'धातू तेवढा धरू' हाच न्याय! दोन वर्षं खटला चालला आणि 1928 मध्ये न्यायाधीशांनी निकाल दिला की ही कलाच आहे. न्यायालयाने पक्ष्याला पक्षी ठरवलं, असं हे एकच उदाहरण मला माहीत आहे.

पण परक्यांनी उशिरा का होईना, मान्य केलं. घरचे लोक जास्त कठीण. 1951 साली रोमानियाच्या अकादमीत त्याच्या कामाची चर्चा झाली आणि राजवटीच्या मर्जीतल्या विद्वानांनी ते नाकारलं. तिर्गू-जिऊ गावात पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या स्मरणार्थ त्याने 1938 मध्ये एकोणतीस मीटरांचा 'अनंत स्तंभ' उभारला होता. तोही पाडायचा प्रयत्न झाला, पण स्तंभ हलला नाही. शेवटी ब्रांकुशीने आपला सगळा स्टुडिओ फ्रान्सला दिला आणि 1957 साली पॅरिसमध्ये डोळे मिटले. आता तोच स्तंभ 2024 पासून जागतिक वारशात आहे आणि नाकारलेल्या माणसाचं नाणं आमच्या देवघरापर्यंत पोचलं आहे. माणूस जिवंत असताना 'हो' म्हणायला हिंमत लागली असती. नाण्याला साचा लागतो. वर ते विकून बँकेला चार पैसे सुटतात ते निराळेच.

हे सगळं काट्यापुढे उभं राहून आठवायचं कारण असं की, असाच एक काटा मी लहानपणी पाहिला होता. आमचे अण्णा ड्रॉइंग मास्तर होते. तरुणपणी एका प्रदर्शनात त्यांना रुपेरी नव्हे, अस्सल चांदीचं पदक मिळालं होतं. माझी कॉलेजची पहिली फी भरायची वेळ आली तेव्हा ते मला बरोबर घेऊन सराफाकडे गेले. त्या सराफानेही फीत आणि कडी बाजूला काढली आणि म्हणाला, "मास्तर, अक्षरांचं वजन होत नाही." अण्णांनी फक्त पाच मिनिटं मागितली. पदकावर कागद ठेवून पेन्सिल अलगद घासली, छाप उमटवून घेतला आणि पदक त्याच्या हातात दिलं. तो कागद माझ्याकडे आहे. पदकाला पुन्हा त्यांनी नाव काढलं नाही. मी मात्र फीच्या त्या पावतीकडे कधी स्वस्थ मनाने पाहू शकलो नाही.

मग आज मी का अडावं? अण्णांनी स्वतःचा सन्मान मुलासाठी दिला. मला दुसऱ्याचा सन्मान नातीसाठी देता येऊ नये? पण अण्णांची गरज होती. माझी काटकसर होती. आणि जे आपण कमावलं नाही ते वितळवायचा हक्क कोणी दिला, हेही कळेना. चांदी माझी होती, पण दाढी त्याची होती.

"तोडायचं ना साहेब?" सराफांनी विचारलं. "की आहे कोणी मोठा माणूस?"

"मोठाच. इंदूरच्या होळकरांनी त्याचे तीन पक्षी घेतले होते. त्यांच्यासाठी मंदिर बांधायला तो 1937-38 च्या हिवाळ्यात इंदूरला येऊनसुद्धा गेला. मंदिर काही झालं नाही."

होळकर म्हटल्यावर सराफ खुर्चीत सावरून बसले. "यशवंतरावांनी? मग पक्षी चांदीचे असतील!"

"नाही. एक ब्राँझचा, दोन संगमरवरी."

सराफांनी नाणं डबीत घातलं, माझ्याकडे सरकवलं आणि निरांजन काट्यावर ठेवलं.