साक्ष परक्यांची, निवाडा आपला

निवडणूक जवळ आली की आपल्या वृत्तपत्रांत एक मजकूर हमखास अवतरतो: आपल्या नेत्याविषयी परदेशात काय बोलले जाते. लंडनच्या पत्राने स्तुती केली तर ती चौकटीत छापली जाते. न्यूयॉर्कच्या पत्राने टीका केली तर तिच्यात कारस्थान शोधले जाते. स्तुती डोक्यावर घेणारे आणि टीका पायदळी तुडवणारे लोक पुष्कळदा एकच असतात. म्हणून प्रश्न नीट मांडला पाहिजे. राष्ट्राचा नेता निवडताना परक्यांच्या मताला काही नैतिक वजन आहे काय? आणि असल्यास किती?

हा प्रश्न आपल्या उपनगरांना नवा नाही. १९६२ च्या फेब्रुवारीत उत्तर मुंबई मतदारसंघात संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन आणि आचार्य जे. बी. कृपलानी समोरासमोर उभे राहिले, तेव्हा त्या लढतीकडे जगाचे लक्ष लागले होते. काश्मीरच्या प्रश्नावर १९५७ साली सुरक्षा समितीत जवळजवळ आठ तास भाषण करणारे मेनन पाश्चात्त्य देशांना मुळीच रुचत नसत. त्यातच १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. सुरक्षा समितीत भारताने सैन्य मागे घ्यावे असा ठराव पाश्चात्त्य राष्ट्रांनी आणला आणि सोव्हिएत रशियाने नकाराधिकार वापरून तो रोखला. पुढे २ फेब्रुवारी १९६२ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर अमेरिकेच्या 'टाइम' साप्ताहिकाने मेनन यांना आणले. गोव्याची मुळे असलेली अनेक कुटुंबे आपल्या धर्मग्रामांत तेव्हाही होती. त्यांच्यासाठी हा वाद केवळ वर्तमानपत्री नव्हता. पंडित नेहरू स्वतः प्रचाराला उतरले आणि मेनन सुमारे १ लाख ४५ हजारांच्या मताधिक्याने निवडून आले.

आठ महिने उलटले नाहीत तोच ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनचे आक्रमण झाले. आपले सैन्य अपुऱ्या तयारीनिशी हिमालयात उभे होते. नोव्हेंबरमध्ये मेनन यांना मंत्रिमंडळ सोडावे लागले. मग परदेशी टीकाकारच खरे ठरले, असे म्हणायचे काय?

तसे म्हणणे घाईचे होईल. परदेशी पत्रांचा मुख्य राग मेनन यांच्या अलिप्ततावादी वक्तृत्वावर आणि गोव्यावर होता. चीनपुढे जी उणीव उघडी पडली ती वेगळी होती, आणि तिच्याविषयीचा इशारा घरातूनच आला होता. सेनाप्रमुख जनरल थिमय्या यांनी १९५९ साली मेनन यांच्याशी झालेल्या मतभेदांतून राजीनामा दिला होता. नेहरूंच्या आग्रहाखातर त्यांनी तो मागे घेतला. स्वतः कृपलानींनी १९६१ साली लोकसभेत मेनन यांच्या कारभारावर कठोर टीका केली होती. हे आवाज ऐकायला परदेशी साप्ताहिक उघडण्याची गरज नव्हती. मात्र परक्यांच्या टीकेचा राग मनात धरून बसलेल्याला ते ऐकू येणेही अवघड होते.

येथेच या प्रश्नाचे मर्म आहे. परके ज्याची वाहवा करतात त्यालाच मत देणारा मतदार आपली विवेकबुद्धी गहाण टाकतो, हे सर्वांना कळते. परंतु परके ज्याला शिव्या देतात त्यालाच केवळ त्या कारणास्तव मत देणाराही तीच चूक करतो, हे सहसा कळत नाही. दोघांचाही निर्णय परकाच ठरवतो. एकाचा होकाराने, दुसऱ्याचा नकाराने.

जुन्या करारात शमुवेलाकडे इस्राएलचे वडीलजन राजा मागायला आले, तेव्हा इतर राष्ट्रांना राजे आहेत म्हणून आम्हांलाही हवा, असे कारण त्यांनी दिले. राजा तुमचे पुत्र रथांसाठी नेईल, तुमची शेते घेईल, हे शमुवेलाने सांगूनही त्यांनी ऐकले नाही. शेजाऱ्यांच्या नजरेत आपण कसे दिसू, या चिंतेने त्यांचे कान बंद केले होते. मात्र त्याच करारात यशया परक्या कोरेश राजाला देवाचा अभिषिक्त म्हणतो. सत्य परक्याच्या हातूनही येऊ शकते, हे बायबल नाकारत नाही.

मग परक्याचे मत केव्हा मोलाचे? घरातील तोंडे बांधली जातात तेव्हा. आणीबाणीत जून १९७६ मध्ये जॉर्ज फर्नांडिस यांना अटक झाली. एके काळी धर्मगुरू होण्यासाठी सेमिनरीत शिकलेला आणि पुढे मुंबईच्या कामगारांचा झालेला हा नेता तुरुंगात असताना येथील वृत्तपत्रांवर सेन्सॉरशिप होती. त्या वेळी 'ॲम्नेस्टी इंटरनॅशनल'ने त्यांच्या सुरक्षिततेसाठी सरकारकडे विनंती केली. ती साक्ष आवश्यक होती. परंतु १९७७ साली तुरुंगातूनच उभ्या राहिलेल्या फर्नांडिस यांना तीन लाखांहून अधिक मताधिक्याने निवडले ते बिहारमधील मुझफ्फरपूरच्या मतदारांनी. साक्ष बाहेरून आली, निवाडा घरात झाला.

परदेशी सरकारांच्या मताविषयी तर अधिकच सावध राहावे. मार्च २००५ मध्ये अमेरिकेने गुजरातचे तेव्हाचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांना धर्मस्वातंत्र्याच्या कायद्याचा आधार घेऊन व्हिसा नाकारला; सप्टेंबर २०१४ मध्ये त्याच अमेरिकेने पंतप्रधान म्हणून त्यांचे स्वागत केले. २००२ च्या दंगलीत मेलेल्यांविषयीचा प्रश्न व्हिसा नाकारल्याने सुटला नव्हता आणि दिल्याने मिटलाही नाही. तो आपल्या न्यायालयांचा आणि आपल्या विवेकाचाच प्रश्न होता.

आपल्या समाजाला हा विषय अधिक जवळचा आहे. आपल्या श्रद्धेचे पीठ रोममध्ये आहे, म्हणून आपल्या निष्ठेवर शंका घेतली जाते. केनेडी यांनाही १९६० साली ती ऐकून घ्यावी लागली होती. शिवाय 'परका' या शब्दाला सीमा नसते. ज्या मेनन यांना उपनगरांनी दोनदा निवडले, त्यांनाच १९६७ साली ईशान्य मुंबईत परप्रांतीय म्हणून विरोध झाला आणि ते स. गो. बर्वे यांच्याकडून पराभूत झाले. देशाबाहेरच्याला लावलेला शब्द पाच वर्षांत प्रांताबाहेरच्याला लागला. उद्या तो धर्माबाहेरच्याला लागणार नाही कशावरून?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली नागरिकांना दोन गोष्टी एकाच श्वासात सांगितल्या: मताधिकार सर्वांच्या हितासाठी वापरा, आणि देशावर प्रेम करताना मन संकुचित होऊ देऊ नका. तेव्हा मतदानाला जाताना परदेशी टीका अवश्य वाचावी. ती खरी आहे काय, हे येथल्या माणसांना विचारून पडताळावे. ज्याच्यावर अन्याय झाल्याचे सांगितले जाते त्या शेजाऱ्याच्या दारात जाऊन यावे. आपल्या समाजाविषयी परदेशात काढलेल्या गोड उद्गारांनाही हीच कसोटी लावावी. एवढे केल्यावर जे मत द्यायचे ते आपले असेल, आणि त्याच्या परिणामांची जबाबदारीही लंडन-न्यूयॉर्कवर ढकलता येणार नाही.